अडचण कोणाची, घड्याळ कोणाचं?

टोरांटोहून पुण्याला फोन लावायचा तर तुम्ही आधी मनातल्या मनात साडेनऊ तास मिळवता. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेदहा. व्हँकूव्हरला राहत असाल तर उन्हाळ्यात साडेबारा. हिशेबातला हा 'साडे' आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कुठून आला हे आपण विचारतही नाही. कॅनडात एक गाव मात्र असं आहे, जिथून भारताशी फरक पूर्ण तासांत येतो: न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स. तिथलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेतीन तास मागे, भारताचं साडेपाच तास पुढे. दोन अर्धे मिळून हिवाळ्यात बरोबर नऊ तास आणि उन्हाळ्यात आठ.

या 'साडे'मागे एक मोठा प्रकल्प आहे. त्याची आखणी बऱ्याच अंशी कॅनडात झाली आणि तो मुंबईत येऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. ही हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण एखादी अडचण कशी हाती घ्यावी आणि हाती घेताना काय निसटतं, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकाच वेळी दिसतात.

माझ्यासारख्या संशोधकांचा बराच वेळ अनुदानाचे अर्ज भरण्यात जातो. तुमच्यापैकी कोणी कंपनीत असाल, कोणी रुग्णालयात, कोणी मंडळाच्या कार्यकारिणीवर; हे रकाने तुमच्याही ओळखीचे असतील. समस्या काय? उद्दिष्ट काय? काम पूर्ण झालं हे कशावरून कळेल? पुढची पायरी कोणती, ती कोण उचलणार आणि कधीपर्यंत? या रकान्यांची कितीही थट्टा केली तरी ते उपयोगाचे आहेत. 'काहीतरी केलं पाहिजे' असं म्हणत वर्षानुवर्षं भिजत पडलेलं घोंगडं त्यांच्यामुळे उचललं जातं. पण त्यांत एक रकाना सहसा नसतो: ही समस्या नक्की कोणाची? प्रमाणवेळेच्या इतिहासात या न छापलेल्या रकान्याची किंमत स्पष्ट दिसते.

आधी अडचण समजून घेऊ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर अंशाला चार मिनिटं. सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा, हा नियम धरला तर पूर्वेकडच्या गावात बारा आधी वाजतात आणि पश्चिमेकडच्या गावात नंतर. या हिशेबाने माँट्रियल टोरांटोच्या तेवीस मिनिटं पुढे होतं, तर मद्रास मुंबईच्या सुमारे तीस मिनिटं पुढे. बैलगाडीला किंवा शिडाच्या गलबताला या फरकाची पर्वा नव्हती. आगगाडीला होती. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांच्या खिशात वेगवेगळी वेळ असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक रेल्वे कंपनीने आपापल्या मुख्यालयाची वेळ धरली. १८८० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मिळून पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा वापरत होत्या. जिथे दोन-तीन कंपन्यांचे मार्ग एकत्र येत, तिथल्या प्रवाशाने कोणत्या घड्याळावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच होता.

हा त्रास कॅनडात जास्त जाणवावा हे साहजिक होतं. हॅलिफॅक्सपासून व्हिक्टोरियापर्यंत सुमारे ६० अंशांचं अंतर, म्हणजे सूर्याच्या चार तासांचं. १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झाला तो एका अटीवर: दोन वर्षांत रेल्वेचं काम सुरू करायचं आणि दहा वर्षांत समुद्रापर्यंत रूळ पोचवायचे. या मार्गाच्या पाहणीसाठी मुख्य अभियंता नेमला गेला तो सँडफर्ड फ्लेमिंग.

फ्लेमिंगचा जन्म १८२७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्काल्डीचा. अठराव्या वर्षी तो कॅनडात आला. आपल्या भाषेत सांगायचं तर बाहेरून येऊन इथे जम बसवलेला माणूस. जमिनीची मोजणी हा त्याचा मूळ धंदा. १८४९ मध्ये टोरांटोत कॅनेडियन इन्स्टिट्यूट ही अभ्यासकांची संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता. १८५१ मध्ये कॅनडाचं पहिलं टपाल तिकीट निघालं, तीन पेन्सचं, बीव्हरचं चित्र असलेलं; ते त्याने रेखाटलं होतं. १८८५ मध्ये क्रेगेलाची इथे पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकतानाचं छायाचित्र तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. त्यात मधोमध उंच टोपी आणि पांढरी दाढी असलेला जो माणूस उभा आहे, तो फ्लेमिंग.

१८७६ च्या उन्हाळ्यात तो आयर्लंडमध्ये प्रवासाला गेला होता. बँडोरन नावाच्या स्टेशनावर वेळापत्रक पाहून संध्याकाळच्या गाडीसाठी पोचला, तर गाडी नव्हतीच. ती पहाटेची होती, छापताना 'ए.एम.'चं 'पी.एम.' झालं होतं. रात्रभर ताटकळावं लागलं, अशी ही प्रसिद्ध हकिगत आहे.

अशा वेळी आपण काय करतो? स्टेशनमास्तरशी वाद घालतो, घरी आल्यावर एक खरमरीत पत्र लिहितो, आणि पुढची दहा वर्षं ती गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगतो. फ्लेमिंगने पुढे काय केलं ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे.

पहिल्यांदा त्याने अडचण होती तेवढीच घेतली. दिवसाचे बारा-बारा तासांचे दोन भाग करायचे आणि दोन्हींना तेच आकडे द्यायचे, हीच चुकीची मुळं आहेत. म्हणून तास एक ते चोवीस मोजा. मग त्याने विचार पुढे ताणला. तास चोवीसपर्यंत मोजले तरी कोणाचे तास? टोरांटोचे की माँट्रियलचे? इथून तो साऱ्या जगासाठी एकाच वेळेच्या कल्पनेवर पोचला. १८७९ च्या सुरुवातीला कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधांत त्याने ती मांडली. पृथ्वीचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस पट्टे करावेत, प्रत्येकाला एक अक्षर द्यावं, आणि सर्व देशांनी मिळून एक मूळ रेखावृत्त ठरवावं. ते रेखावृत्त कोणत्याही देशाच्या राजधानीतून जाऊ नये, म्हणजे कोणाचा मान दुखावणार नाही. म्हणून त्याने ग्रिनिचच्या बरोबर उलट बाजूचं, पॅसिफिक महासागरातून जाणारं रेखावृत्त सुचवलं. ही अक्षरं दाखवणारं एक खास घड्याळही त्याने करवून घेतलं होतं.

कल्पना भव्य होती, आणि भव्य कल्पनांचं जे होतं तेच तिचं होऊ घातलं होतं. १८७८ मध्ये डब्लिनला भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सभेत त्याला आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नव्हती. पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड लॉर्न यांनी त्याचे निबंध लंडनला पाठवले आणि तिथून ते देशोदेशींच्या संस्थांकडे गेले, तेव्हा खुद्द ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी ते झटकून टाकले. लोकांना स्थानिक वेळ पुरेशी आहे, असा एकूण सूर होता.

पण हे काम थांबलं नाही, कारण ते हळूहळू अशा तुकड्यांत वाटलं गेलं की ज्यांपैकी प्रत्येक तुकडा कोणीतरी खरोखर पूर्ण करू शकत होतं. अभियंत्यांच्या संघटनेने समिती नेमली. हवामानाच्या नोंदी एकाच क्षणी घेता याव्यात म्हणून धडपडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ क्लीव्हलंड ॲबी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने आले होते. न्यू यॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जचे एक शिक्षक, चार्ल्स डाऊड, तर फ्लेमिंगच्याही आधी रेल्वेसाठी वेळेचे पट्टे सुचवत होते. आणि विल्यम ॲलन या रेल्वे वेळापत्रकांच्या जाणकाराने सगळं रेल्वे कंपन्यांना पेलेल एवढं लहान केलं. अक्षरं नकोत, जागतिक दिवस नको, पॅसिफिकमधलं रेखावृत्त नको. ग्रिनिचपासून पूर्ण तासांनी मोजलेले थोडे पट्टे, त्यांच्या सीमा गाड्यांच्या सोयीच्या स्टेशनांवर, आणि एक ठरलेला दिवस.

तो दिवस रविवार, १८ नोव्हेंबर १८८३. अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी त्या दुपारी आपली घड्याळं बदलली. टोरांटोत ती साडेसतरा मिनिटांच्या आसपास पुढे गेली, माँट्रियलमध्ये पाच-सहा मिनिटं मागे. यासाठी कोणत्याही संसदेने आधी कायदा केला नव्हता. अमेरिकेत देशभराचा कायदा थेट १९१८ मध्ये झाला. पण सोमवारी सकाळी कोणीही स्टेशनावर जाऊन पाहावं की काम झालं आहे की नाही. 'काम पूर्ण झालं हे कशावरून कळेल?' या रकान्याला याहून सुबक उत्तर मिळणं कठीण.

म्हणून कॅनडातल्या शाळांत 'प्रमाणवेळेचा जनक' म्हणून फ्लेमिंगचं नाव घेतलं जातं ते तितकंसं बरोबर नाही. त्याच्या मोठ्या कल्पनेतला बराच भाग कोणी स्वीकारलाच नाही. त्याचं खरं काम वेगळं आहे: स्टेशनावरची एक चिडचिड त्याने अशा रूपात आणली की तिच्यावर सभा भरू शकेल, मत देता येईल, आणि दुसरा कोणीतरी ती अर्धवट ठिकाणाहून उचलून पुढे नेऊ शकेल. मूळचा चोवीस तासांचा मुद्दाही वाया गेला नाही. आज तुम्ही दादरहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढता तेव्हा त्यावर पाच पस्तीसऐवजी १७:३५ छापलेलं असतं. त्यामुळे बँडोरनची चूक तिथे होऊ शकत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पंचवीस देशांचे प्रतिनिधी होते. मूळ रेखावृत्त ग्रिनिचचं असावं, या ठरावाच्या बाजूने बावीस मतं पडली. सान डोमिंगोने विरोध केला. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्लेमिंगही तिथे होता. कॅनडाला स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून तो ब्रिटनच्या शिष्टमंडळात बसला होता.

त्याच शिष्टमंडळात आणखी एक गृहस्थ होते, जनरल रिचर्ड स्ट्रेची. हे लंडनमधल्या इंडिया कौन्सिलचे सदस्य. भारताच्या वतीने बोलायचं ते यांनी. कॅनडा आणि भारत, दोन्ही वसाहतीच. पण एकीच्या वतीने आला तो स्वतःची अडचण घेऊन आलेला, तिच्यावर आठ वर्षं काम केलेला माणूस. दुसरीच्या वतीने आला तो तिच्यावर राज्य करणाऱ्या कचेरीतला अधिकारी. मुंबईतल्या कोणाला वेळेची काही अडचण आहे का, असल्यास कोणती, हे त्या टेबलावर मांडणारं कोणी नव्हतं.

परिषदेत एक आवाज मात्र वेगळा निघाला. तुर्कस्तानचे प्रतिनिधी रुस्तेम एफेंदी यांनी सांगितलं की आमच्या देशात बहुसंख्य लोक शेतकरी आहेत, ते सूर्यास्तापासून तास मोजतात, आणि नमाजाच्या वेळाही सूर्यावरच ठरतात. तेव्हा आम्हाला आमची वेळ सोडता येणार नाही. हे म्हणणं आपल्याला परकं वाटू नये. आपली तिथी सूर्योदयावर ठरते. गणेशचतुर्थी टोरांटोत नेमकी कोणत्या दिवशी धरायची यावर मंडळात दरवर्षी जो खल होतो, तो याच कारणाने. प्रमाणवेळेने घड्याळं जुळवली, सूर्य नाही जुळवला. परिषदेनेही ठरावात हे मान्य केलं की जागतिक वेळ सोयीची असेल तिथे वापरावी, स्थानिक वेळेला हात लावू नये.

भारतात ही सोय-गैरसोय कोणी विचारली नाही. रेल्वे पूर्वीपासून मद्रासच्या वेळेने चालत होती, कारण वेधशाळा तिथे होती. त्यामुळे मुंबईकराला दोन घड्याळांची सवय होती: स्टेशनावर मद्रासचं, शहरात मुंबईचं. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ लागू केली, तेव्हा शहरात एवढी नाराजी झाली की दोन वर्षांत सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावरही वाद झाला होता.

मग १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली. हाच आपला 'साडे'. कलकत्त्याची स्थानिक वेळ तिच्या सुमारे चोवीस मिनिटं पुढे आणि मुंबईची सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागे. दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी काटा धरलेला. कागदावर ही चांगली तडजोड होती. पण काळ पाहा. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. अशा वेळी सरकारने येऊन सांगायचं की तुमचे बारा आता बारा नाहीत.

त्याच जानेवारीत मुंबईत जेकब ससून मिलमधले काही हजार कामगार नव्या वेळेविरुद्ध उठले. त्यांनी कामावर जायचं नाकारलं, दगडफेक झाली. सरकारी नजरेतून ही अडाणी माणसांची नव्याला भिण्याची गोष्ट होती. पण कामगारांचा हिशेब मांडून पाहा. जानेवारीत मुंबईत सूर्य प्रमाणवेळेप्रमाणे सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे जुन्या मुंबई वेळेने साडेसहा वाजून गेल्यावर. गिरणीचा भोंगा घड्याळावर तोच आकडा धरून वाजवला आणि घड्याळच एकोणचाळीस मिनिटं पुढे नेलं, तर चाळीतल्या माणसाला दीड घटकेहून जास्त लवकर, जास्त काळोखात घर सोडावं लागणार. त्यात मिलमध्ये नुकतेच विजेचे दिवे आले होते. दिवा आहे तर अंधार पडल्यावरही मागं चालवता येतात, हे मालकांनी लगेच ओळखलं होतं आणि कामाचे तास वाढत चालले होते. कापडगिरण्यांतल्या पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा कायद्याने मिळाली ती १९११ मध्ये. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या या माणसांपैकी बहुतेकांकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं. सूर्य हेच त्यांचं घड्याळ, कारण तेच एक घड्याळ मालकाला फिरवता येत नव्हतं. वेळ बदलायला त्यांनी केलेला विरोध हा याच कामाच्या तासांच्या प्रश्नाचा भाग होता.

शहराच्या दुसऱ्या थरातही आक्षेप होते. हजारो नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या. महानगरपालिकेत फिरोजशहा मेहतांनी मुद्दा मांडला तो सूर्याचा नव्हता, कार्यपद्धतीचा होता: सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. पालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळच ठेवली. मग सुरू झालं ते दोन घड्याळांचं शहर. रेल्वे, तार, सरकारी कचेऱ्या एका वेळेवर. पालिका आणि शहरातले अनेक व्यवहार दुसऱ्या वेळेवर. हे १९०६ पासून स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत चाललं. इंग्रज गेल्यावर, देश आपला झाल्यावर, मुंबईने ती प्रमाणवेळ फारसा गाजावाजा न करता घेतली. वेळ तीच साडेपाच तासांची होती. बदललं होतं ते सांगणारं तोंड.

टोरांटो आणि मुंबई शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक नीट दिसतो. टोरांटोतही जनमत घेतलं नव्हतं. रेल्वे कंपन्यांनीच ठरवलं. पण तिथे बदल साडेसतरा मिनिटांचा होता, मुंबईत एकोणचाळीसचा. तिथे ज्यांची अडचण होती त्यांनीच उपाय काढला आणि त्यांनीच तो स्वतःवर लागू केला. मुंबईत एकाच्या अडचणीचा उपाय दुसऱ्याच्या पहाटेवर लादला गेला. सरकारच्या दफ्तरात १ जानेवारी १९०६ ला 'काम पूर्ण' अशी नोंद झाली असेल. शहराने ते पूर्ण व्हायला चार दशकांहून जास्त वेळ घेतला. या सगळ्यात प्रमाणवेळ ही वाईट कल्पना होती असं मी म्हणत नाही. दोन घड्याळांच्या शहरात गाडी चुकणाऱ्या मुंबईकरालाही तिची गरज होतीच. पण ज्याच्या गळ्यात उपाय बांधायचा त्याची अडचण आधी ऐकायची, ही पायरी गाळली गेली. आणि गाळलेली पायरी पुढे व्याजासकट वसूल होते.

सेंट जॉन्सकडे पुन्हा पाहा. न्यूफाउंडलंड स्वतःच्या साडेबावन्न अंश पश्चिम रेखांशावरची वेळ पाळत होता. १९४९ मध्ये तो कॅनडात आला. १९६३ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की शेजारच्या प्रांतांशी जुळवून घेऊन हा अर्धा तास संपवावा. लोकांनी कडाडून विरोध केला आणि सरकारने बेत गुंडाळला. इथे मात्र लोक मोकळेपणी बोलू शकत होते आणि सरकारला ऐकणं भाग होतं. म्हणून प्रश्न चाळीस वर्षं चिघळला नाही. अर्धा तास राहिला, आणि टीव्हीवर कार्यक्रमांच्या वेळा सांगताना 'न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा' हे वाक्य सगळ्या कॅनडाच्या तोंडी बसलं.

हे सगळं तुमच्यापुढे मांडण्याचं कारण आपल्या घरातलं आहे. परदेशातल्या कोणत्याही मराठी मेळाव्यात तासाभरात एक वाक्य ऐकू येतंच: 'मुलं मराठी बोलत नाहीत हो.' हे वाक्य आपण बँडोरनच्या स्टेशनावर उभं राहून म्हणत असतो. सगळे माना डोलावतात, जेवण होतं, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. भाषा टिकवणं ही फ्लेमिंगच्या जागतिक वेळेसारखी भव्य कल्पना आहे. तिच्यावर मतदान होऊ शकत नाही, आणि सोमवारी सकाळी जाऊन ती झाली की नाही हे पाहता येत नाही.

पण तिचा एखादा तुकडा पाहता येतो. ऑन्टारिओत १९७७ पासून वारसा भाषांच्या वर्गांची सरकारी योजना आहे. तिचं आजचं नाव आंतरराष्ट्रीय भाषा कार्यक्रम. तिचा नियम असा की पंचवीस किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या पालकांनी एखाद्या भाषेच्या वर्गाची लेखी मागणी केली, तर शाळा मंडळाने तो वर्ग सुरू करायचा. आठवड्याला जास्तीत जास्त अडीच तास. म्हणजे 'मुलं मराठी बोलत नाहीत' या तक्रारीचं रूपांतर एका आकड्यात होऊ शकतं: पंचवीस. कोणाकडे यादी आहे, किती जणांनी होकार दिला, अर्ज कधी द्यायचा, शिकवायला कोण आहे, हे सगळे प्रश्न एका संध्याकाळी, चहा निवायच्या आत मांडता येतात. जिथे आपल्याच मंडळाची मराठी शाळा चालते तिथे आकडा वेगळा असेल, पण रीत हीच. मोठी कल्पना मनात ठेवायची, आणि हाती घ्यायचा तो तुकडा की जो झाला का नाही हे शेजाऱ्यालाही कळेल.

इथवर फ्लेमिंगचा धडा. मुंबईचा धडा यानंतर सुरू होतो. मुलांनी मराठी बोलावं ही अडचण कोणाची आहे? बहुतेकदा आपली. आपल्याला आपलं बालपण त्यांच्या तोंडून ऐकायचं असतं. शनिवारी सकाळी हॉकीचा सराव सोडून वर्गात बसायचं आहे ते मुलाला. त्याच्या दिवसातले अडीच तास आपण पुढे सरकवतो आहोत. त्याच्याही काही अडचणी असतात, आणि त्यांचा मराठीशी संबंध असू शकतो: आजीशी फोनवर बोलताना दोन वाक्यांनंतर शब्द संपतात, गावी गेल्यावर चुलतभावंडं हसतात, किंवा वर्गात आपण नेमके कुठले हे सांगताना त्याला काय सांगावं कळत नाही. यांतली कोणती अडचण त्याची आहे, हे तोच सांगू शकतो. आजीशी बोलणं ही अडचण असेल तर मुळाक्षरांची वही हे पहिलं पाऊल नव्हे. दर रविवारी आजीशी अर्धा तास गप्पा, आणि महिन्याभराने आजीलाच विचारायचं की फरक पडला का, हे कदाचित असेल. कदाचित त्यातूनच त्याला वाचायची ओढ लागेल आणि पंचविसाव्या नावाला तो स्वतःहून होकार देईल.

म्हणून पुढच्या वेळी मंडळाच्या बैठकीत कोणी कागद-पेन काढून समस्या, उद्दिष्ट, निष्पत्ती, पुढची पायरी असे रकाने आखू लागलं, तर त्यांना थांबवू नका. ते चांगलं काम करत आहेत. फक्त डावीकडे आणखी एक रकाना आखायला सांगा आणि त्यात नावं लिहा: ही अडचण कोणाकोणाची आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाला आपण अजून विचारलेलं नाही. त्या नावांपैकी पहिल्या माणसाला कोण आणि कोणत्या वारी विचारणार, हे ठरल्याशिवाय बैठक संपवू नका.